धुरापासून इंधन : एका जुन्या स्वप्नाची हकिगत

सोलापूरकरांस धुराची ओळख नव्याने करून द्यावयास नको. १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली, आणि पुढे कित्येक दशके ह्या गावाचा दिवस भोंग्याने उजाडत असे. चिमणीतून धूर निघतो आहे की नाही हे पाहून गिरणी चालू की बंद, हे माणसे अंगणातूनच ओळखीत. आणि चिमणीला धूर तर घरच्या चुलीलाही धूर, असा कामगारवस्तीचा साधा हिशेब होता. पुढे गिरण्या एकामागून एक थंडावल्या. आज मोठी चिमणी पाहावयाची तर दक्षिण सोलापूर तालुक्यात आहेरवाडी-फताटेवाडीकडे पाहावे लागते. तेथील औष्णिक वीजकेंद्राचे ६६० मेगावॅटचे दोन संच अनुक्रमे २०१७ व २०१९ साली चालू झाले.

ह्या धुराविषयी अलीकडे एक बातमी वृत्तपत्रांतून वरचेवर येते. कोठल्याशा प्रयोगशाळेत कार्बन डायॉक्साइड घेऊन त्यापासून मिथेन हा जळाऊ वायू तयार केला. त्यासाठी हायड्रोजन शोषून ठेवणाऱ्या धातूंचा उपयोग केला. तेव्हा आता धूर हेच उद्याचे इंधन होणार, असा त्या बातमीचा मथितार्थ असतो. अशीच एक बातमी वाचून आमच्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी आम्हांस विचारले, "अहो, असे जर आहे, तर त्या फताटेवाडीच्या चिमणीला नळी लावून गावाला स्वयंपाकाचा गॅस का देत नाहीत?" त्यांचा प्रश्न थट्टेचा नव्हता, आणि त्याचे उत्तरही थट्टेवारी नेण्याजोगे नाही. ते नीट द्यावयाचे तर थोडे मागे जावे लागते. कारण बातमी खोटी नाही, परंतु ती नवीही नाही. तिचे मूळ १९०२ सालात आहे. त्या मुळापासूनची हकिगत सांगावी आणि शेवटी तिचा जमाखर्चही मांडावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम ह्या दोन वायूंची ओळख करून घेऊ. कोळसा, लाकूड, तेल, कापूस, काहीही जाळले की त्यातील कर्ब हवेतील प्राणवायूशी संयोग पावतो आणि कार्बन डायॉक्साइड तयार होतो. यापुढे सोयीसाठी आम्ही त्यास नुसते 'कर्बवायू' म्हणू. स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक ह्या तरुण वैद्याने १७५४ च्या सुमारास ह्या वायूचा पहिला पद्धतशीर अभ्यास केला. खनिज क्षारांत अडकून राहिलेली आणि तापविल्यावर किंवा आम्ल ओतल्यावर मोकळी होणारी, म्हणून त्याने तिला 'बद्ध हवा' असे नाव दिले. तिच्यात मेणबत्ती विझते, आणि आपल्या उच्छ्वासातही तीच असते, हे त्याने दाखविले.

दुसरा वायू मिथेन. १७७६ साली इटलीतील आलेस्सांद्रो व्होल्टा हा माजोरे सरोवराच्या काठच्या दलदलीत गेला. त्याने चिखल काठीने ढवळला, वर येणारे बुडबुडे बाटलीत धरले आणि ते पेटवून पाहिले. ते निळसर ज्योतीने जळले. तो हा वायू. १८०८ साली हंफ्री डेव्ही ह्यास कुजणाऱ्या शेणातून निघणाऱ्या हवेतही तो सापडला.

आता ह्या दोहोंचे नाते पाहा. दोहोंच्या रेणूत कर्बाचा एकेकच अणू असतो. कर्बवायूत त्याच्या जोडीला प्राणवायूचे दोन अणू असतात. मिथेनमध्ये हायड्रोजनचे चार. मिथेन जळतो म्हणजे कर्ब आपला हायड्रोजन सोडून प्राणवायू धरतो, आणि ह्या बदलात जी उष्णता बाहेर पडते तिच्यावर आपला भात शिजतो. ती बाहेर पडून गेल्यावर जे उरते तो कर्बवायू. म्हणजे ह्या दृष्टीने पाहता चुलीतील राख आणि चिमणीतील कर्बवायू ह्यांत फारसा भेद नाही. राख पुन्हा पेटत नाही, कारण देण्यासारखे जे होते ते तिने देऊन टाकलेले असते. तिचे पुन्हा लाकूड करावयाचे झाल्यास जेवढे घेतले तेवढे तरी परत भरावे लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा नियम शास्त्रज्ञांच्या पक्का ध्यानात आलेला होता. पुढील सर्व कथेत तो कोठेही मोडलेला नाही, हे श्रोत्यांनी मनात धरून ठेवावे.

कथेचा मुख्य नायक पॉल साबात्ये. जन्म १८५४ चा. फ्रान्सच्या दक्षिणेकडील तूलूझ ह्या शहरात तो रसायनशास्त्राचा प्राध्यापक होता. १८९० साली लुडविग माँड व त्याच्या सहकाऱ्यांनी एक चमत्कारिक गोष्ट प्रसिद्ध केली होती: निकेलसारखा कठीण धातू कार्बन मोनॉक्साइड वायूच्या संगतीत स्वतःच बाष्परूप होऊन उडून जाऊ शकतो. एखादा वायू धातूशी असा सलगीने वागत असेल, तर दुसरे वायूही वागतील, असे साबात्ये ह्यांच्या मनाने घेतले. आबे सँदराँस हे ख्रिस्ती धर्मगुरू त्यांचे सहकारी होते. दोघांनी मिळून १८९७ साली बारीक निकेलवरून एथिलीन व हायड्रोजन सोडून पाहिले. एथिलीनने हायड्रोजन सहज स्वीकारला. पुढे पाच वर्षांनी, १९०२ साली, त्यांनी तापविलेल्या निकेलच्या पुडीवरून कर्बवायू आणि हायड्रोजन ह्यांचे मिश्रण सोडले. उष्णतामान सुमारे ३०० अंश सेल्सिअस. नळीच्या दुसऱ्या टोकास मिथेन आणि पाण्याची वाफ बाहेर पडली. निकेल होते तसेच राहिले. लग्न जुळवून देणारा मध्यस्थ जसा दोन्ही घरांत वावरतो पण कोणत्याच घरचा होत नाही, तसे हे काम. शास्त्रात अशा पदार्थास उत्प्रेरक म्हणतात.

साबात्ये ह्यांनी त्याचे कारणही सुचविले. निकेलच्या पृष्ठभागावर हायड्रोजन क्षणभर निकेलशीच संयोग पावतो. एक कच्चे, न टिकणारे हायड्राइड बनते. आणि ते आपला हायड्रोजन लागलीच दुसऱ्याच्या स्वाधीन करते, असे त्यांचे मत होते. 'हायड्राइड' म्हणजे धातू आणि हायड्रोजन ह्यांचे संयुग. हा शब्द पुढे पुन्हा येणार आहे. १९१२ साली साबात्ये ह्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. ते व्हिक्तोर ग्रिन्यार ह्यांच्यासमवेत विभागून होते, आणि सँदराँस ह्यांचा त्यात वाटा नव्हता. तत्पूर्वी १९०७ साली साबात्ये ह्यांस पॅरिसला मोठ्या जागेवर बोलाविले असता ते गेले नाहीत, आपल्या तूलूझमध्येच राहिले. मोठे काम करावयास राजधानीच गाठली पाहिजे असे नाही, हे जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या आम्हां लोकांस ऐकावयास बरे वाटते.

ह्या शोधाचे फळ आपल्या स्वयंपाकघरात निराळ्याच वाटेने आले. व्हिल्हेल्म नॉर्मान ह्या जर्मन रसायनज्ञाने १९०२ सालीच पातळ तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन भरून ते थिजविण्याचे एकस्व घेतले. त्यातून वनस्पती तूप निघाले, आणि १९३७ साली हिंदुस्थानच्या बाजारात 'डालडा' आला. लग्नाच्या पंक्तीत डालड्याची बुंदी वाढली म्हणून नाके मुरडणारी आणि तरीही दुसऱ्यांदा मागणारी मंडळी पुष्कळांना आठवत असतील. त्यांना ठाऊक नव्हते, परंतु त्या पिवळ्या डब्यामागे आणि धुरापासून मिथेन करण्याच्या क्रियेमागे धातू एकच होता, वायूही एकच होता.

तेलाचे तूप झाले, पण कर्बवायूचा मिथेन करण्याची क्रिया कित्येक दशके आडबाजूसच राहिली. खतांच्या कारखान्यांत अमोनियासाठी लागणारा हायड्रोजन शुद्ध करताना त्यात उरलेला कार्बनचा अंश काढून टाकण्यासाठी तिचा उपयोग होत असे. इंधन म्हणून कोणी तिच्याकडे पाहिले नाही. त्याचे कारण उघड होते. हायड्रोजन हे स्वतःच उत्तम इंधन आहे. तो कष्टाने मिळवावयाचा आणि मग त्याचा काही भाग पाणी करण्यात खर्चून मिथेन घ्यावयाचा, हा व्यवहार कोळसा मुबलक असताना कोण करील?

तथापि प्रयोगशाळेत जे १९०२ साली साधले, ते पृथ्वीच्या पाठीवर कोट्यवधी वर्षे चालूच होते. हॉलंडमधील डेल्फ्ट येथे निकोलास सोंगेन ह्यांनी १९०६ च्या सुमारास दाखविले की, चिखलातील काही सूक्ष्म जंतू हायड्रोजन आणि कर्बवायू घेऊन मिथेन तयार करतात. साबात्ये ह्यांस ३०० अंशांची भट्टी लागली; हे जंतू ते काम उन्हाळ्यातल्या कोमट पाण्यात करतात. आणि नवलाची गोष्ट अशी की, १९८० च्या सुमारास ह्या जंतूंच्या मिथेन करणाऱ्या पाचकद्रव्यात जो धातू सापडला, तोही निकेलच निघाला. माणसाने तूलूझमध्ये जो मध्यस्थ हुडकून काढला, तोच निसर्गाने आधी नेमून ठेवला होता.

येथे आपल्या महाराष्ट्राचा संबंध येतो. मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून वायू धरून तो दिव्यांकरिता वापरण्याचा प्रयोग झाला. ह्या विषयातील जुन्या प्रयोगांत त्याची गणना होते. ज्यांना समाजाने गावाबाहेर ठेवले, त्यांच्याच वस्तीत हा दिवा लागला, ही गोष्ट विसरू नये. पुढे कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धन ह्यांनी भंगीमुक्तीच्या कामाबरोबरच शेण आणि मैला ह्यांपासून गॅस व खत मिळविण्याचा पुरस्कार केला. १९६० नंतरच्या वर्षांत खादी-ग्रामोद्योग आयोगाने जशभाई पटेल ह्यांच्या तरंगत्या टाकीच्या नमुन्यावर गोबरगॅसचा देशभर प्रसार केला, आणि आपल्या जिल्ह्यातही वाड्यावस्त्यांवर लोखंडी टाक्या दिसू लागल्या. देहूचे डॉ. मापुसकर ह्यांनी अप्पासाहेबांचा धागा पुढे नेऊन संडासाला जोडलेला गॅसखड्डा सुधारला. त्यांस २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.

गोबरगॅसच्या खड्ड्यात तयार होणाऱ्या मिथेनपैकी सुमारे एक-तृतीयांश मिथेन हा हायड्रोजन व कर्बवायू ह्यांच्या संयोगाने होतो. बाकीचा दुसऱ्या मार्गाने. म्हणजे ज्या क्रियेची बातमी आज मोठ्या अक्षरांत छापली जाते, ती आपल्या गोठ्यामागे रोज मुकाट्याने घडत असते. आता विचारावयाचे ते एवढेच: तेथे हायड्रोजन कोठून येतो? तो येतो जनावराने पूर्ण न पचविलेल्या कडब्यातून. आणि कडब्यात ती शक्ती कोठून आली? रब्बीच्या चार महिन्यांत मालदांडी ज्वारीने सूर्यापासून घेतली. शेणाच्या खड्ड्यात आपण हायड्रोजनचे बिल भरीत नाही, कारण ते सूर्याने आधीच भरलेले असते.

आता हायड्राइडांकडे वळू. १८६६ साली टॉमस ग्रॅहम ह्यांना आढळले की, पॅलेडियम हा धातू स्वतःच्या आकारमानाच्या कित्येक शेपट हायड्रोजन शोषून घेतो. आपल्याकडील काळी रेगूर जमीन ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजावयास अवघड नाही. पहिल्या पावसात ती पाणी पिते, फुगते. उन्हाळ्यात ते सोडते आणि तिला हात हात भेगा पडतात. हायड्राइड बनविणारे धातूही असेच. हायड्रोजन पिताना ते फुगतात, सोडताना आकसतात, आणि अशा काही फेऱ्या झाल्या की घट्ट तुकड्याची पूड होते. पॅलेडियम फार महाग. परंतु १९६० नंतरच्या दशकात स्वस्त मार्ग सापडले. अमेरिकेतील ब्रुकहेवन येथे रायली व विसवॉल ह्यांनी १९६८ साली मॅग्नेशियम व निकेल ह्यांच्या मिश्रधातूचे हायड्राइड प्रसिद्ध केले. त्याच सुमारास हॉलंडमध्ये फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत लँथनम व निकेल ह्यांच्या मिश्रधातूचा हा गुण ध्यानात आला. ह्या दुसऱ्या घराण्यातूनच पुढे निकेल-मेटल हायड्राइड विद्युत्घट निघाले. मुलांच्या खेळण्यातील पुन्हा पुन्हा भरावयाच्या पेन्सिल सेलांच्या रूपाने ते पुष्कळांच्या घरी येऊन गेले असतील.

ह्या धातूंत एक सोय अशी की, हायड्रोजनचा साठा आणि निकेलचा मध्यस्थ एकाच पदार्थात नांदतात. नुसते मॅग्नेशियम आपल्या वजनाच्या शेकडा साडेसात भाग हायड्रोजन धरते. त्यात निकेल मिसळले की देणेघेणे सोपे होते. मग अशा भरलेल्या धातूवरून गरम कर्बवायू सोडला तर धातूतून बाहेर पडणारा हायड्रोजन तेथल्या तेथे त्यास भेटेल आणि मिथेन होईल, अशी कल्पना. स्वित्झर्लंडमधील एम्पा ह्या संस्थेच्या संशोधकांनी २०१२ साली ह्या मॅग्नेशियम-निकेल हायड्राइडावर कर्बवायूची ही क्रिया करून तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना असे दिसले की, आरंभी हायड्राइड ह्या कामी मंद असते. फेऱ्या होत जातात तसतसा पृष्ठभागावर मॅग्नेशियमचा प्राणवायूशी संयोग होतो, निकेलचे बारीक कण सुटे होतात, आणि मग काम जोराने चालते. म्हणजे धातूचा काही भाग गंजून खर्ची पडतो तेव्हा मध्यस्थ जागा होतो. साबात्ये ह्यांनी ज्या क्षणभंगुर हायड्राइडाची कल्पना केली होती, तिची ही थोरली बहीण म्हणावयास हरकत नाही.

आता जमाखर्च. शाळेत शिकलेले अणुभार येथे पुरेसे आहेत. ४४ किलो कर्बवायूस ८ किलो हायड्रोजन लागतो. त्यातून १६ किलो मिथेन आणि ३६ किलो पाणी मिळते. ८ किलो हायड्रोजन पाण्यातून विजेने काढावयाचा तर किलोमागे ५० ते ५५ युनिटे धरून ४०० ते ४४० युनिटे वीज लागते. मिळालेल्या १६ किलो मिथेनची उष्णता सुमारे २२० ते २४५ युनिटांएवढी भरते. म्हणजे विजेच्या रुपयातले निम्मे येथेच गेले. घरगुती गॅसच्या सिलिंडराएवढी उष्णता अशा मार्गाने मिळवावयाची तर साडेतीनशेच्या आसपास युनिटे खर्चावी लागतील. आणि त्या मिथेनपासून पुन्हा वीज करू म्हटले, तर मूळ विजेचा चौथा हिस्सा परत मिळाला तरी पुष्कळ म्हणावयाचे.

हायड्राइडाने ह्या हिशेबात काय फरक पडतो? हायड्राइड हायड्रोजन निर्माण करीत नाही, तो सांभाळते. पेवात धान्य सुरक्षित राहते, पण पेव पेरणी करीत नाही. शिवाय मॅग्नेशियमसारख्या धातूतून हायड्रोजन बाहेर काढावयास उष्णता द्यावी लागते. मिथेन होताना जी उष्णता सुटते तिने ही गरज सुमारे निम्मी भागते, बाकीची बाहेरून आणावी लागते. गंजलेला धातू परत मिळविण्याचा खर्च आणखी वेगळा. साठा निर्धोक होतो, दाबाच्या टाक्या लागत नाहीत, हे हायड्राइडाचे खरे गुण. परंतु मूळचे देणे त्यामुळे चुकत नाही.

हाच हिशेब फताटेवाडीस लावू. कोळशाच्या विजेच्या एका युनिटामागे सुमारे ९०० ग्रॅम कर्बवायू हवेत जातो. त्याचा मिथेन करावयास सुमारे १६४ ग्रॅम हायड्रोजन लागेल, आणि तेवढ्या हायड्रोजनास आठ ते नऊ युनिटे वीज. एक युनिट वीज करताना निघालेला धूर परतविण्यासाठी आठ युनिटे! ती आठ युनिटे जर कोळशाचीच असतील तर नवा धूर जुन्याच्या आठपट होईल. हे गणित इतके साधे आहे की, ते मांडल्यावर आमचे स्नेही स्वतःच हसले.

आणखी एक खाते राहिले, पाण्याचे. दोन्ही संच पूर्ण शक्तीने दिवसभर चालले तर सुमारे २८ हजार टन कर्बवायू निघतो. त्या सगळ्याचा मिथेन करावयाचा तर क्रियेत परत मिळणारे पाणी पुन्हा वापरूनही दररोज दोन कोटी तीस लाख लिटरच्या आसपास पाणी कायमचे खर्ची पडेल. ज्या गावात कित्येक वर्षे नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी आले, जेथे उजनीची पातळी हा घरोघरचा विषय असतो, तेथे हा आकडा कोणी तोंडावाटे काढण्यापूर्वी दोनदा विचार करील. ह्याच्या उलट दाखला अंतराळात सापडतो. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर २०१० साली साबात्ये ह्यांच्या क्रियेचे यंत्र बसविले गेले. अंतराळवीरांच्या उच्छ्वासातील कर्बवायू आणि प्राणवायू तयार करताना उरणारा हायड्रोजन त्यात घालीत. परंतु तेथे हवे असे ते पाणी. मिथेन बाहेर टाकून देत. एकच क्रिया, गरज निराळी तसा तिचा नफाही निराळा.

मग हे सारे स्वप्न टाकाऊ समजावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. आपल्या देशात ह्या दिशेने गंभीर काम चालू आहे. मध्यप्रदेशातील विंध्याचलच्या वीजकेंद्रात २०२२ साली दररोज २० टन कर्बवायू धरणारे संयंत्र बसले. त्यातून मिथेन नव्हे, मिथेनॉल करावयाचे योजिले होते. त्याच वर्षी पवईच्या आय.आय.टी.मध्ये कर्बवायू पकडणे व वापरणे ह्यासाठी राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. २० टन आणि २८ हजार टन ह्यांतील अंतर पाहून निराश होण्याचे कारण नाही. पहिल्या गिरणीनेही साऱ्या गावाला कापड पुरविले नव्हते.

परंतु आपल्या जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर सुरुवात मोठ्या चिमणीपासून करू नये असे आम्हांस वाटते. दोन जवळच्या जागा आहेत. पहिली जागा साखर कारखान्यांची. १९३२ साली माळीनगरचा कारखाना स्थापन झाला, आणि आज सोलापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. मळीपासून अल्कोहोल आंबविताना लिटरमागे सुमारे पाऊण किलो कर्बवायू निघतो, आणि तो चिमणीच्या धुरासारखा नत्रवायूत विरलेला नसतो; जवळजवळ शुद्ध असतो. तो पकडण्याचा खर्च थोडा. दुसरी जागा गोबरगॅस आणि कचऱ्यापासूनचा गॅस. भोगावच्या कचरा-आगारात शहराच्या कचऱ्यापासून गॅस व त्यापासून वीज करण्याचा प्रकल्प मागील दशकात उभा राहिलाच होता. अशा गॅसमध्ये मिथेन शेकडा ५५ ते ६५ असतो, आणि बाकीचा बहुतेक भाग कर्बवायू. त्यात बाहेरून हायड्रोजन घातला तर त्या कर्बवायूचाही मिथेन होऊ शकतो. जर्मनीतील वेर्ल्टे येथे २०१३ साली हेच केले: गॅससंयंत्रातील टाकाऊ कर्बवायू घेतला, वाऱ्याची जादा वीज घेतली, आणि साबात्ये ह्यांच्या क्रियेने मिथेन करून नळांत सोडला.

'जादा वीज' हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. आपल्याकडे वारा बेताचा, पण ऊन आहे, आणि किती आहे हे चैत्र-वैशाखात व्याख्यान ऐकावयास बसणाऱ्या श्रोत्यांस सांगावयास नको. दुपारी सौरविजेला गिऱ्हाईक नसेल, ती वाया जाणार असेल, तर तिचे निम्मे गमावूनही उरलेले निम्मे मिथेनच्या रूपाने साठविणे शहाणपणाचे ठरेल. कारण मिथेन टाकीत महिनोन्महिने राहतो. हायड्राइडाचा उपयोगही येथेच आहे: दुपारचा हायड्रोजन धरून ठेवावा आणि रात्री सावकाश वापरावा. मात्र हीच वीज जर कोणाच्या पिठाच्या गिरणीस, यंत्रमागास किंवा विहिरीवरील पंपास सरळ उपयोगी पडत असेल, तर ती तेथेच द्यावी. तिचा हायड्रोजन करणे ही उधळपट्टी होय.

आमच्या स्नेह्यांस आम्ही हे सारे सांगितले. ते काही वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे धूर फुकट आहे, पण धुरातून काढावयाचा गॅस फुकट नाही." ह्याहून थोडक्यात आम्हांसही सांगता आले नसते. उद्या आपल्या गावात कोणी असा प्रकल्प घेऊन आले, आणि अशी मंडळी येतील ह्यात शंका नाही, तर त्यांचे स्वागत करावे, त्यांचे नकाशे पाहावेत, आणि तीन प्रश्न विचारावेत. हायड्रोजन कशापासून काढणार? त्याची वीज कोणत्या वेळची, आणि ती आज कोण वापरीत आहे? आणि पाणी कोणाच्या वाट्याचे? तिन्ही प्रश्नांची उत्तरे सरळ आकड्यांत मिळाली तर जागा द्यावी. न मिळाली तर चहा द्यावा आणि पुढल्या वसंतात पुन्हा यावयास सांगावे.